इर्जिक



चाड्यावर मूठ धरणे सगळ्यांना साधत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. माझ्या थोरल्या दिरांना ते साधत असे. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. जाफराबादला केळना पूर्णेला मिळते, तिथून जवळच आमची शेती आहे. शेजारीपाजारीही पेरणीला दादांना बोलावून नेत. २०१७ च्या मृगात मात्र आमच्याच वावरात बी कुठे दाट, कुठे विरळ उगवले. दादा म्हणाले, "बोटं ऐकत नाहीत."

हाताला दुखणे नव्हते, मुंग्या नव्हत्या. नुसते बळ जात होते. अंगठ्याजवळचे मांस झडून खळगा पडला. दंडाचे मांस आपोआप फडफडे. आम्ही मालिश केली, मानेला पट्टा बांधला, अंगारेही लावले. सव्वा वर्ष यातच गेले. शेवटी मोठ्या शहरातल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी तपासून रोगाचे नाव सांगितले : एएलएस.

आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात. या रोगात त्या मरत जातात. हुकूम येईनासा झाला की स्नायू वाळतो. आधी हात किंवा पाय, कोणाची जीभ, पुढे गिळणे आणि शेवटी श्वास. अनेकांची बुद्धी मात्र शाबूत राहते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. रिलुझोल नावाची गोळी आपल्याकडेही मिळते. तिने आयुष्य काही महिने वाढते, रोग बरा होत नाही.

हे ऐकून आम्ही सुन्न झालो. त्यानंतर डॉक्टरांनी विचारले, "संशोधनासाठी तुमचे थोडे रक्त द्याल का? तुम्हांला त्याचा उपयोग होईलच असे नाही."

घरी मोठा वाद झाला. जाऊबाई रडून म्हणाल्या, "पोरगी लग्नाची आहे. यांच्या रक्तातच रोग आहे असं लोक म्हणतील." त्यांचे काही चुकत नव्हते. पोटच्या पोरांची काळजी कोणाला नसते? पुन्हा जाऊन आम्ही डॉक्टरांना हेच विचारले. त्यांनी सांगितले, शंभरांतील नव्वदांहून अधिक रोग्यांच्या घरात दुसऱ्या कोणालाही हा रोग नसतो. पाच-दहाजणांच्याच घराण्यात तो चालत येतो. नमुन्यावर नाव नसते, खुणेचा आकडा असतो.

मग त्यांनी रक्त कशाला लागते ते समजावले, तेव्हा मला इर्जिक आठवली. एखाद्याचे वावर मोठे आणि बैल थोडे असले, की गावची औते एकाच दिवशी त्याच्या रानात उतरत. मालक फक्त जेवण घाली. हा रोगही तसाच, एकट्याच्या औताने न नांगरला जाणारा. बंगळूरच्या निम्हान्स या मोठ्या संस्थेने आपल्या तीस वर्षांतील रोग्यांचा अभ्यास २००८ साली छापला, तेव्हा त्यांची संख्या भरली ११५३. मग तालुक्याच्या डॉक्टरांना असा रोगी जन्मात एखादाच दिसला, तर त्यांना दोष कसा द्यावा?

म्हणून निरनिराळ्या संस्था रक्ताचे नमुने आणि माहिती एकत्र करतात. बियाण्यात जसा वाणाचा गुण असतो, तसे आपल्या शरीरात जनुक असतात. १९९३ साली अनेक घराण्यांचे रक्त एकत्र तपासून एसओडी-१ या जनुकातील दोष सापडला. त्या दोषावरील टोफरसेन हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०२३ साल उजाडले. तीस वर्षे लागली, आणि तेही शंभरांतील दोघांच्याच उपयोगाचे. तरी वाट सापडली. २०१३ साली नेदरलँडमधील दोन रोग्यांनीच पुढाकार घेऊन 'प्रोजेक्ट माइन' सुरू केले. १५,००० रोगी आणि ७,५०० निरोगी माणसांचे जनुक तपासायचे, असा त्यांचा संकल्प. २०१६ साली त्यातून एनईके-१ या आणखी एका जनुकाचा माग लागला.

मात्र जगात आजवर तपासलेले नमुने बहुतेक युरोपी वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्या लोकांचे फार थोडे.

दादा तोवर बोबडे बोलू लागले होते. ते जाऊबाईंना म्हणाले, "आपल्या रानात खत किती टाकायचं, ते दुसऱ्याच्या मातीवरून कळतं का? आपण तपासणीला माती देतोच ना? तसं समज." जाऊबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "द्या."

त्या रक्तातून काय निघाले, ते आम्हांला कळलेले नाही. २०२१ साली दादा गेले. त्यांना त्या रक्तदानाचा काहीच लाभ झाला नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. इर्जिकीला गेलेला माणूस तरी त्या रानातले धान्य कुठे मागतो?

बंधुभगिनींनो, तुमच्या घरी कोणाच्या हातापायाचे बळ न दुखता जात असेल, मांस झडत असेल, जीभ जड होत असेल, तर आमच्यासारखे सव्वा वर्ष घालवू नका. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. हा रोग मुळापासून घालवतो असे सांगून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. आणि संशोधनासाठी रक्त मागितले, तर निमूटपणे सही करू नका, तसेच भिऊन पळूही नका. कागद मराठीतून समजावून घ्या. नाव गुप्त राहील का, नको वाटले तर माघार घेता येईल का, ते विचारा. नाही म्हणण्याचा तुम्हांला हक्क आहे. त्यामुळे उपचार बंद होता कामा नयेत.

पुतणीचे लग्न झाले. सासरच्यांना आम्ही सारे आधीच सांगितले होते. यंदा चाड्यावर पुतण्याने मूठ धरली. थोडे दाट पडले, पण येईल हळूहळू.