बालाघाटात आपलं कोण?

डिसेंबरातले आठ दिवस बालाघाटात सायकलीवर काढायचे, असे लेकीने रात्रीच्या जेवणाला बसल्यावर जाहीर केले. "बाबा, तुम्हीही चला," हे वर. सौभाग्यवतींनी विचारले, "कुठला बालाघाट?" आणि माझ्या सासूबाईंनी, ज्यांना आमच्या घरात लहानथोर सगळे अज्जीच म्हणतात, नातीला धारवाडी कन्नडमध्ये एकच प्रश्न टाकला, "अल्लि नम्म मंदि यार अदारव्वा?" तिथे आपली माणसे कोण आहेत? अज्जींच्या लेखी प्रवास म्हणजे कुणाकडे तरी जाणे. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते.

सौभाग्यवतींचा प्रश्नही चुकीचा नव्हता. आपल्या भागात बालाघाट म्हटले की बीड-धाराशिवकडची डोंगररांग आठवते. जुन्या कागदपत्रांत कर्नाटक बालाघाट आणि कर्नाटक पायनघाट अशी नावे येतात. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा तो बालाघाट, खालचा तो पायनघाट. आमचा बालाघाट मात्र मध्य प्रदेशातला, गोंदिया-भंडाऱ्याला लागून असलेला. भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ नंतर इंग्रजांनी हा जिल्हा उभा केला. खाली वैनगंगेचे भाताचे सखल खोरे आणि वर मैकल डोंगरातले बैहरचे जंगली पठार, असे त्याचे दोन मजले आहेत.

लेकीच्या मनात होते ते बाइकपॅकिंग. म्हणजे सायकलला कॅरियर नाही. कपडे, अंथरूण, हत्यारे सगळे लहान पिशव्यांत भरून हँडलला, सीटखाली आणि दांड्याला आवळून बांधायचे आणि डांबरी सोडून गाडीवाटांनी जायचे. यासाठी हिवाळाच का, तर पावसाळ्यात त्या खोऱ्यातल्या वाटा चिखलात बुडतात आणि उन्हाळ्यात उन्हाने जीव जातो. नोव्हेंबरात धान कापून झाले की बैलगाड्यांच्या वाटा सुकून टणक होतात.

पहिला बेत आम्ही दोघांनी चार रात्री जागून केला. संगणकावर उपग्रहाचे चित्र मोठे करून पाहायचे आणि झाडांतून जाणारी बारीक रेघ दिसली की तिच्यावरून बोट फिरवायचे. बैहरहून कान्हाच्या कडेने जंगलातून, मग मलाजखंडची तांब्याची खाण, मग लांजीचा किल्ला. रोज सत्तर किलोमीटर. कागदावर हा बेत फार देखणा होता. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यातले निम्मे आम्हाला स्वतःच्या हाताने खोडावे लागले. ही खोडाखोड हीच या प्रवासाची खरी तयारी होती, म्हणून ती सविस्तर सांगतो.

पहिली काट वनखात्यातल्या एका अधिकाऱ्यांनी मारली. फोनवर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला रस्ता दिसतो, आम्हाला तिथे वाघाचा माग दिसतो." कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पात आले. त्याच्या गाभ्यात सायकल न्यायचा प्रश्नच नव्हता. पण आम्हाला ठाऊक नव्हते ते हे की वाघ उद्यानाची हद्द पाळत नाहीत. कान्हा आणि पेंच यांच्यामधले जंगल हीच त्यांची ये-जा करायची वाट आहे. रेघ दिसली म्हणून ती आपल्यासाठी मोकळी आहे, असे नव्हे. परवानगीशिवाय जंगलवाट नाही, हे ठरले आणि दोन दिवस गळाले.

दुसरी काट सूर्याने मारली. बेळगावात डिसेंबरच्या मध्यास सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. बालाघाट आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आणि उत्तरेला, तिथे साडेपाचच्या आतच मावळतो. सकाळीही थंडी आणि धुके, त्यामुळे आठच्या आधी निघणे कठीण. राहतो आठ-नऊ तासांचा दिवस, आणि कच्च्या वाटेवर लादलेली सायकल ताशी आठ-दहा किलोमीटरपेक्षा फार धावत नाही. सत्तरचे पस्तीस केले. दुपारी चारनंतर चाक फिरवायचे नाही, असा नियम लेकीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

तिसरी गोष्ट घरात मोठ्याने बोलायची नव्हती, पण बोललो. या जिल्ह्यात नक्षलवाद्यांचा वावर अनेक वर्षे होता. १९९९ च्या डिसेंबरात राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची हत्या याच जिल्ह्यात झाली. परिस्थिती आता बरीच निवळली आहे, तरी मुक्कामाच्या गावांची यादी आधी पोलिसांना कळवायची आणि रोज संध्याकाळी घरी फोन करायचा, या दोन अटींवर सौभाग्यवतींनी संमती दिली. फोन लागला नाही तर काय, हेही आधीच ठरवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहायची, मग ठाण्यात विचारायचे.

जायची सोय मात्र सोपी निघाली. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियाला जाते. मिरजेला चढलो, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकल्या आणि सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून गोंदियाला उतरलो. तिथून बालाघाट चाळीसेक किलोमीटर. पूर्वी गोंदियाहून जबलपूरला सातपुड्यातून नॅरोगेजची छोटी गाडी जायची. आता तो सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

पहिले दोन दिवस वैनगंगेच्या खोऱ्यात, वाराशिवनीच्या बाजूला काढले. जागोजागी तळी, बांधांवर रचलेली धानाची पुंजणी आणि खळ्यावरची लगबग. या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भात शिजताना त्याचा वास अंगणापर्यंत येतो, हे एका घरच्या जेवणात कळले. आसपास पोवार, लोधी, मरार वस्ती. पोवारी आणि हिंदीत मराठी अशी मिसळलेली की समोरचा नेमका कुठली भाषा बोलतो हे लक्षात येईपर्यंत बोलणे संपलेलेही असे.

तिथेच आमची एक चूक झाली. कापणी झालेले रिकामे शेत पाहून वळसा वाचवायला आम्ही सायकली आत घातल्या. बांधावरून एक बाई ओरडल्या, "अहो, लाखोळी हाय तिथं!" खाली वाकून पाहिले तर धसकटांच्या मधे बोटभर हिरवे रोप. धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी फेकतात आणि धान कापल्यावर ती वर येते. आम्हाला रिकामे दिसले ते त्यांचे दुसरे पीक होते. माफी मागितली, सायकली खांद्यावर घेऊन बाहेर आलो. त्यानंतर शेतात शिरण्याआधी विचारायचे, हा वहीतला दुसरा नियम झाला.

तिसऱ्या दिवशी गांगुलपाऱ्याच्या बाजूने घाट चढलो, तोही मुकाट्याने डांबरी रस्त्यानेच आणि भर उन्हाच्या वेळी. उकव्याच्या मँगनीजच्या खाणी मागे टाकल्या की दोन्ही बाजूंना जंगल आणि हवेत एकदम गारवा. कान्हाच्या कुरणांवर या दिवसांत पहाटे दहिवर गोठते. मुक्कीच्या दाराशी सायकली ठेवल्या आणि सर्वांसारखे जीपमधून आत गेलो. वाघ दिसला नाही. बारशिंगांचा कळप दिसला. १९७० च्या सुमारास हे कठीण जमिनीवरचे बारशिंगे जेमतेम ६६ उरले होते, ते इथेच जगवले गेले.

खरी भेट परतीच्या वाटेवर झाली. बैहरच्या अलीकडे एका पाड्यावर लेकीच्या चाकात काटे रुतले. एक गोंड आजोबा शेजारी येऊन बसले. ती टायरमधले काटे काढून दगडावर ठेवत होती आणि आजोबा आपल्याच नादात मोजत होते, "उंदी, रंड, मुंद, नालुंग..." लेकीचा हात थांबला. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "बाबा, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु!" मग खेळच सुरू झाला. तिने हात दाखवला, आजोबा म्हणाले "कै". डोळा दाखवला, "कन". झाड दाखवले, "मरा". आपल्या कन्नडमध्ये कै, कण्णु, मर. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. अभ्यासक तिला तेलुगूच्या अधिक जवळची मानतात, पण कन्नडशीही तिचे रक्ताचे नाते आहे. मी हे वाचले होते. काटे मोजताना ऐकले ते वेगळे. आजोबांना मात्र नवल वाटले नाही. म्हणाले, "दूर की बहन होगी."

त्या संध्याकाळी फोन लागला तेव्हा लेकीने आईशी बोलायच्या आधी अज्जींना मागितले आणि चार आकडे म्हणून दाखवले. पलीकडे क्षणभर शांतता. मग अज्जी म्हणाल्या, "हंगादर नम्म मंदीने." मग आपलीच माणसे ती.

अनोळखी प्रदेशात जायचे असेल तर नकाशा जरूर पाहावा, पण त्यावर रेघ ओढायची ती पेन्सिलीने. खोडायची कामे तिथली माणसे करतात, आणि जे उरते ते आपल्या बेतापेक्षा बरे असते. आमची वही आता माझ्या भाच्याने नेली आहे. पुढच्या हिवाळ्यात त्याला लांजीला जायचे आहे. अज्जींनी त्याला अजून काही विचारलेले नाही.