काटकसरी टिकली

तिला बघायचं तर शर्टाची वरची दोन बटणं सोडावी लागतात. डाव्या छातीवर चिकटून बसलेली असते. पोटात एक बटणसेल, एक चिप, नखाएवढा अँटेना. आणि अंगाला टेकलेले दोन इलेक्ट्रोड. हृदयाचे ठोके टिपायचे आणि बिनतारी पाठवायचे, एवढंच तिचं काम. कागदोपत्री तिला सेन्सर नोड म्हणतात. मी टिकली म्हणतो.

टिकली पक्की चिकट, आणि हे मी दोन्ही अर्थांनी म्हणतोय. तिच्या चिकटपणाला नावं ठेवण्याआधी तिची ऐपत बघावी. सीआर २०३२ जातीचा सेल, ३ व्होल्टचा, त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-तास. जन्माची पुंजी ती एवढीच, पुढे एका पैचीही आवक नाही. आजच्या कमीखाऊ चिपासुद्धा रेडिओ चालू असताना पाचेक मिलिअँपिअर खातात. भागाकार केला की उत्तर येतं ४४ तास. सोमवारी सकाळी लावलेली टिकली बुधवारची पहाट बघते न बघते तोच गार. तोच रेडिओ शंभर क्षणांतला एकच क्षण चालवला आणि बाकीचे झोपून काढले, तर रेडिओचा सरासरी खर्च ५० मायक्रोअँपिअरवर उतरतो आणि कागदावर तीच पुंजी सहा महिने पुरते. ठोके मोजणाऱ्या सर्किटचा खर्च वेगळा, त्यामुळे खरा आकडा खाली येतो. तरी दोन दिवस कुठे आणि काही महिने कुठे! म्हणून टिकली दिवसाचा बहुतेक वेळ घोरत असते आणि त्यालाच तिची कार्यक्षमता म्हणतात.

समजा, तिची नेमणूक कामणला झाली. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर आणि कामणदुर्ग, दुसऱ्या बाजूला चिंचोटीहून भिवंडीकडे धावणारे कंटेनर, आणि रस्त्याच्या कडेनं गाळेच गाळे. अशाच एका गाळ्यात माल चढवणाऱ्या माणसाच्या छातीवर ती बसली आहे. पत्र्याखाली मे महिना तापलाय. माणूस वाकतो, खोकं उचलतो, वळतो, ठेवतो. फोन त्याच्या मागच्या खिशात.

इथे टिकलीला तिचा खरा वैरी भेटतो, आणि तो म्हणजे जिच्यावर ती बसलीय ती कायाच. टिकली बोलते २.४ गिगाहर्ट्झवर, ब्लूटूथ आणि वायफायचीही तीच वहिवाट. माणसाचं अंग निम्म्याहून अधिक पाणी, आणि या लहरी पाण्यानं भरलेल्या मांसात मुरून जातात. छातीवरून मागच्या खिशाकडे निघालेल्या लहरींना आरपार वाट नाही. त्या अंगाला वळसा घालून, नाहीतर समोरच्या भिंतीवर आपटून पोहोचतात. माणूस वळला की पोहोचणारी ताकद शंभरपट घसरणं हे तिथलं नेहमीचं. शिवाय घामानं इलेक्ट्रोड सरकतात, आणि स्नायूंची थरथर ठोक्यांत मिसळते. पोच आली नाही की टिकली तोच निरोप पुन्हा पाठवते, आणि प्रत्येक पुनरुक्तीचे पैसे तिच्याच गाठीचे. जोरात ओरडलं तर पोहोचेल. पण ओरडणं महाग, आणि अंगाजवळ फार ताकद ओतायला मर्यादाही आहेत. अनुभवी टिकली म्हणून दम धरते. माणूस वाकून पुन्हा सरळ होईपर्यंत थांबते आणि वाट मोकळी झाली की हळू आवाजात काम उरकते.

तिचं कुटुंब आटोपशीर. मनगटावर एक बहीण नाडी बघते, काखेतली ताप बघते, घोट्यावरची चाल मोजते. कारभारी म्हणजे खिशातला फोन. या कुटुंबाची घटना आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं २०१२ साली ८०२.१५.६ या क्रमांकाच्या मानकात लिहून ठेवली: एका कारभाऱ्यामागे जास्तीत जास्त ६४ जणी, प्रत्येकीनं थेट त्याच्याशी बोलावं, फारच अडलं तर मधल्या एकीच्या हाती निरोप द्यावा. या मधलीची मात्र कीव येते. दुसऱ्यांचे निरोप वाहता वाहता तिचाच सेल आधी संपतो.

शेतात किंवा जंगलात पसरलेल्या सेन्सरांचं बरं असतं. तिथे शेकड्यांनी भावंडं. एक मेलं तर शेजारचं निभावून नेतं. मुखियाचं जड काम आळीपाळीनं वाटून घेण्याची 'लीच' नावाची रीत २००० साली वेंडी हाइन्झेलमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडली, ती अशाच मोठ्या खटल्यांसाठी. अंगावर ही सोय नाही. घोट्यावरची कितीही गुणी असली तरी तिला हृदयाचा आलेख काढता येत नाही. छातीवरची गेली की हृदयाची खबर गेली.

कुटुंबात वीज वाया जाते ती बोलण्यात कमी आणि ताटकळण्यात जास्त. कोणी बोलेल म्हणून कान उघडा ठेवणं, दोघींनी एकदम बोलून दोघींचंही वाया घालवणं, दुसरीचा निरोप उगाच ऐकत बसणं. हे तीन उधळे. त्यावर उपाय म्हणून कारभारी प्रत्येकीला वेळ नेमून देतो. अडचण घड्याळाची. तिच्या स्फटिकाच्या घड्याळात दहा लाखांत वीस भागांची चूक धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, आणि नेमलेली वेळ असते काही मिलिसेकंदांची. दिव्याच्या गाडीसाठी कामण रोड स्टेशनवर माणसं घटकाभर आधी येऊन उभी राहतात, तशी तीही किंचित आधी जागी होते, कारभाऱ्याच्या इशाऱ्यावर घड्याळ लावून घेते, आपलं सांगते आणि पुन्हा आडवी होते.

पण तिची सगळ्यात मोठी बचत आहे ती विचार करण्यात. हिशेब असा: हृदयाचा आलेख सेकंदाला २५० वेळा मोजायचा, प्रत्येक मापाला दोन बाइट, म्हणजे दिवसाकाठी चार कोटी बत्तीस लाख बाइट. हे सगळं पाठवायचं तर दिवाळंच. त्याऐवजी तिनं आलेख स्वतः वाचला आणि फक्त ठोका केव्हा पडला तेवढंच कळवलं, तर दिवसाचे लाखभर ठोके, ठोक्यामागे दोन बाइट, दोन लाखांत भागतं. काम दोनशेपट हलकं. रेडिओच्या मानानं चिपचं डोकं चालवणं स्वस्त, म्हणून हा सौदा परवडतो. आलेखातला ठोका ओळखायची कृती जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ सालीच लिहून ठेवली आहे, आणि ती एवढी साधी आहे की टिकलीच्या इवल्याशा डोक्यातही मावते.

इथे मात्र मला तिची धास्ती वाटू लागते. आतापर्यंत ती निरोप्या होती, आता काय सांगायचं हे ठरवणारी झाली. तिनं गाळलेलं डॉक्टरच्या नजरेला कधीच पडणार नाही. ठोक्याची वेळ बरोबर आणि आकार बिघडलेला, असं असलं तर? ही शंका तिच्या घटनेलाही आली असावी. निरोपांना तिथे शून्य ते सात अशी प्रतवारी आहे आणि सातवी जागा आणीबाणीसाठी राखलेली आहे. म्हणजे एरवी अबोल टिकलीनं बिघाड दिसताच सगळ्यांच्या आधी बोलावं, संशय आला तर तेवढ्या तुकड्याचा पूर्ण आलेख पाठवावा, सेलची फिकीर करू नये. कंजूस माणसाची पारख दवाखान्याच्या खर्चाच्या वेळी होते, आणि तिचीही.

तिची परीक्षा बहुधा घेतली जाते ती बोस्टनच्या जुन्या नोंदींवर. बेथ इस्राएल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात ४७ जणांच्या हृदयाचे आलेख नोंदले गेले. त्यांतून निवडलेले ४८ अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे १९८० पासून जगभरच्या संशोधकांच्या हाती आहेत. त्या नोंदी मोलाच्या आहेत, पण त्यात कामणचा मे महिना नाही, डोक्यावरचा पत्रा नाही, पाठीवरचं खोकं नाही. कामण–भिवंडी रस्त्यावरच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांनी एखादी टिकली समोरच्या गाळ्यातल्या माणसाला विचारून, त्याच्या राजीखुशीनं, दिवसभर लावून बघावी. शेजारी पूर्ण आलेख नोंदणारं यंत्रही ठेवावं आणि संध्याकाळी दोन्ही नोंदी ताडून बघाव्यात. सेल किती महिने पुरेल हा प्रश्न त्यानंतरचा. आधी विचारायचं ते हे, की बाई, आज तू काय काय सांगितलं नाहीस?