रविवारी पहाटे तीन वाजता

उन्हाळ्याच्या सुट्टीत कटंगीला घरी होते. बालाघाट जिल्ह्यातलं आमचं गाव. घरात मराठी, बाजारात हिंदी. तिथूनच मी एका छोट्या संस्थेचे दोन लिनक्स सर्व्हर सांभाळत होते. दर शनिवारी लॉगिन करायचं, आधी ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी अपग्रेड’, विचारलं की ‘वाय’ दाबायचं. आई म्हणायची, “दर शनिवारी तेच ते काय करतेस गं?”

कंटाळून सात ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. क्रॉनमध्ये वेळ टाकली : रविवार, पहाटे तीन. तिची बडबड नको म्हणून सगळं आउटपुट ‘डेव्ह नल’मध्ये, म्हणजे थेट कचऱ्यात वळवलं.

तीन आठवडे सगळं शांत. मग सहज लॉग उघडून पाहिला, तर पहिल्याच रविवारी गाडी अडली होती. एका पॅकेजने विचारलं होतं : सेटिंगची फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ? पहाटे तीनला उत्तर द्यायला कोण बसलंय? पॅकेज अर्धवट राहिलं. पुढचे दोन्ही रविवार स्क्रिप्ट तिथेच अडखळली. आणि मला कळणार कसं? तिचं तोंड मीच बंद केलं होतं.

गोष्ट छोटी वाटेल. पण २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं, मर्स्क समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं होतं. तो व्हायरस ज्या फटींतून पसरला, त्यातली एक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. आणि युक्रेनमध्ये तो शिरला कुठून? हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! म्हणजे अपडेट न करणं धोक्याचं, आणि डोळे मिटून करणंही.

मग स्क्रिप्ट सुधारली. प्रश्न आला तर जुनी फाइल ठेव. आधी एकाच सर्व्हरवर चाल, दोन दिवसांनी दुसऱ्यावर. काम झालं तरी मेल कर, बिघडलं तरी कर. मेलच आला नाही, तर काहीतरी बिघडलंय असं मी समजेन.

आता हॉस्टेलवर आहे. रविवारी सकाळी आधी मेल बघते, मग घरी फोन. बाबा म्हणतात, “सगळं ठीक आहे.” पूर्वी मी तिथेच फोन ठेवायचे. आता विचारते, “आजीच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात? डॉक्टरकडे कधी नेलं होतं?”

उत्तर यायला जरा वेळ लागतो.