नितळ पाणी

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. पाण्याचा विषय निघाला तरी आधी शब्दांकडे वळतो. गोडे, खारे, मचूळ, जड, हलके, नितळ, गढूळ. पाण्याची पारख सांगणारे हे सारे शब्द जिभेचे किंवा डोळ्यांचे आहेत. बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यात ती पारख पिढ्यान्‌पिढ्या कामी आली. कोणत्या आडाच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या पाण्यात शिजत नाही, हे घरातील बाई अहवालावाचून सांगत असे, आणि ते बहुधा बरोबर असे.

नायट्रेटपुढे मात्र ही पारख हात टेकते. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाने ज्या जिल्ह्यांत ठिकठिकाणी ती ओलांडली गेल्याचे नोंदले आहे, त्यांत बीड आहे. एखाद्या कारखान्याकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय येथे नाही. शेतातला युरिया, दारापुढचा उकिरडा, गोठा, घरामागचा शोषखड्डा यांतील नत्राचे मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. काळ्या मातीचे कण ऋणभारित आणि नायट्रेटही ऋणभारित. त्यामुळे माती त्याला धरून ठेवीत नाही. उन्हाने भेगाळलेल्या रानावर पाऊस पडला की ते पाण्याबरोबर खाली मुरमात उतरते. आडाला पाझर असतो तो याच मुरमाचा.

मराठवाड्याच्या पाण्यावर आपल्याकडे जे लिहिले गेले, ते बहुतेक पाणी नसण्यावर. ते स्वाभाविकच होते. 1972 चा दुष्काळ सोसलेल्या आणि 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिलेल्या प्रदेशात ‘पाणी आहे का’ या प्रश्नापुढे ‘पाणी कसे आहे’ हा प्रश्न चैनीचा वाटतो. (समीक्षेतही ‘नितळ’ हा शब्द आम्ही आजवर निःशंकपणे प्रशंसेसाठीच वापरीत आलो. असो.)

पण ज्याला हा प्रश्न विचारताच येत नाही, त्याच्यासाठी तो चैनीचा नाही. सहा महिन्यांच्या आतील मुलाच्या रक्तात नायट्रेटमुळे हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ, नखे निळसर पडतात. 1945 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधावरच्या बाळांत हे प्रथम नोंदले. अंगावरच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, म्हणजे आईचे दूध हीच ढाल. आमच्या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसे ऊसतोडीला जातात. पहाटे फडात उतरणाऱ्या आईचे बाळ वरच्या दुधावर आले, की त्या दुधात पाणी कोठले, हा प्रश्न उरतो.

पाणी उकळून द्या, असा सल्ला आपण सहज देतो. उकळल्याने जंतू मरतात. पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते. तुरटीने गाळ बसतो, नायट्रेट बसत नाही. टीसीएल पावडरीचेही तेच. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या, पिवळ्या, लाल कार्डांत भर असतो तो पाण्याच्या उगमाभोवतीच्या स्वच्छतेवर आणि टीसीएलवर. नायट्रेटसाठी पाणी मुद्दाम तपासावे लागते, आणि चवीला गोड लागणाऱ्या आडाचे पाणी तपासायला नेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.