कायमचा रहिवासी

झाशीच्या गणेश मंदिरात १८४२ साली मणिकर्णिका तांबे यांचा गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाला आणि त्या लक्ष्मीबाई झाल्या. त्या काळी विवाहाने मुलीचे नाव, घर आणि गाव ही तिन्ही एकदमच बदलत. आज झाशीतील मराठी घरांतल्या मुली समुद्रापलीकडे नांदावयास जातात. तेव्हा गाव बदलण्यास परक्या देशाची अनुमती लागते.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीस अमेरिकेतील स्थळ सांगून आले. "मुलगा तिकडे कायमचा आहे," असे मध्यस्थांनी सांगितले. भाषांतर हे माझे नित्याचे काम असल्यामुळे मी विचारले, "कायमचा रहिवासी, की नागरिक?" मावशीला हा शब्दच्छल वाटला. बहिणीने मात्र तोच प्रश्न मुलाला विचारला. तो कायम रहिवासी होता.

या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीस वार्षिक संख्यामर्यादा लागू नाही. कायम रहिवाशाच्या पत्नीस रांगेत उभे राहावे लागते. १९९० च्या कायद्याने तिच्या वर्गाला वर्षास मूलतः १,१४,२०० जागा दिल्या. त्यांपैकी किमान ७७ टक्के पती-पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी आहेत. पतीने अर्ज दाखल केल्याची तारीख हाच तिचा रांगेतील क्रमांक.

विवाहाच्या तारखेलाही महत्त्व आहे. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य मिळण्यापूर्वी विवाह झालेला असेल, तर पत्नी पतीच्याच प्रकरणाच्या आधारे मागाहून जाऊ शकते. विवाह नंतर झाल्यास तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. आमच्यापुढे हा दुसराच मार्ग होता. पुढे पती नागरिक झाला, आणि त्यास सामान्यतः पाच वर्षांचे कायम वास्तव्य लागते, तर तोच अर्ज संख्यामर्यादेतून मुक्त होतो. पाहुणी म्हणून जाऊन तेथेच राहण्याचा सल्ला आम्हांस अनेकांनी दिला; परंतु मनात एक आणि अर्जात दुसरे असे केल्यास पुढची वाटही बंद होऊ शकते. कॅनडाची रीत निराळी आहे. तेथे राहणारा कायम रहिवासी पत्नीसाठी अर्ज करू शकतो. मात्र तिच्या मूलभूत गरजांची तीन वर्षे हमी त्यास द्यावी लागते.

हे सारे समजून घेऊन बहिणीने होकार दिला. येथील शाळेतील नोकरी मात्र सोडली नाही. किती काळ दूर राहावे लागेल, हे दोघांनी लग्नापूर्वीच एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घेतले. पत्रिका जुळविताना प्रत्येक घराने एवढे तरी विचारावे, असे मला वाटते.

उत्तर प्रदेशात २०१७ च्या नियमांनी विवाहनोंदणी आवश्यक केली आहे. त्याप्रमाणे नोंदणी झाली. पासपोर्ट, दाखला आणि अर्ज यांवर एकच नाव असावे, म्हणून लग्नात ताटातील तांदळावर मेहुण्यांनी अंगठीने तिचे माहेरचेच नाव लिहिले. आईला प्रथम थोडी चुटपूट लागली. मग तिनेच ते ताट देवापुढे ठेवले.