बर्फफोडे

हल्ली कचेरीत पंधरा-वीस माणसं एका लांब टेबलाभोवती जमली, की कामाला हात घालण्यापूर्वी 'बर्फ फोडण्याची' चाल पडली आहे. मीटिंग सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी दणदणीत असली, तर हा बर्फ दोनदा फोडतात. एकदा सुरुवातीला, आणि एकदा जेवणानंतर, लोकांच्या पापण्या जड झाल्यावर. ह्याला इंग्रजीत आइसब्रेकर म्हणतात. गोठलेल्या समुद्रातून वाट काढणाऱ्या जहाजांनाही हेच नाव आहे. ज्या मुलखात समुद्र गोठतो, तिथं माणसामाणसांतही बर्फ साचत असेल. नाही म्हणणारे आपण कोण? पण मुंबईत? इथं सकाळी सव्वानवालाच शर्ट पाठीला चिकटतो. इथल्या माणसांमध्ये काही साचलंच, तर घाम साचेल.

खरं म्हणजे बर्फाशी मुंबईचं नातं जुनं आहे, पण ते निव्वळ व्यवहाराचं. बर्फ ससून डॉकवर मासळीसाठी आणि गिरगाव चौपाटीवर गोळ्यासाठी. गोणपाटात गुंडाळलेली लादी आणि तिच्यावर बसणारा टोचा, एवढीच आमची बर्फफोडणी. १८३० नंतरच्या दशकात तर हा बर्फ चक्क अमेरिकेतून जहाजानं यायचा. जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या काळात घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. म्हणजे बर्फ मध्ये घालून माणसं जवळ आणण्याचा मुंबईतला पहिला प्रयोग शिंकांवर संपला. पण पूर्वानुभवावरून शहाणं व्हायचं, हे कंपन्यांच्या धोरणात बसत नाही.

तर हा बर्फ फोडायला बाहेरून एक उत्साही तरुण बोलावतात. त्याच्या गळ्यात शिट्टी असते आणि चेहऱ्यावर सकाळी आठालाच आंघोळ, नाश्ता आणि व्यायाम उरकल्याचं तेज असतं. तो आल्या आल्या खुर्च्या भिंतीला लावायला सांगतो. मराठी माणसाला मिळालेली खुर्ची सोडायला सांगणं ही काय साधी गोष्ट आहे? पण आम्ही सोडतो. मग पहिला खेळ. आपल्या नावाला त्याच अक्षराचं इंग्रजी विशेषण जोडून ओळख करून द्यायची. अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांच्या नावाशी घाईघाईत 'यंग' एवढंच जुळलं. निवृत्त होईपर्यंत शिपायांनी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

दुसरा खेळ गुंत्याचा. सगळ्यांनी गोल उभं राहून समोरच्या दोघांचे हात धरायचे, आणि हात न सोडता गुंता सोडवायचा. आता मला सांगा, जो माणूस रोज दादरच्या पुलावर एक पाय वेस्टर्नकडे आणि एक सेंट्रलकडे अशा अवस्थेत उभा असतो, त्याला गुंता काय शिकवणार? तिसरा खेळ विश्वासाचा. डोळे मिटून मागं पडायचं आणि मागच्यांनी झेलायचं. आम्ही लोकलची माणसं. गर्दीच्या वेळी डब्यात पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही. चारी बाजूंनी अनोळखी लोकांनी झेललेलंच असतं, आणि तेही फुकट. चौथा खेळ कच्च्या शेवया आणि चिकटपट्टी घेऊन मनोरा रचण्याचा. त्या दिवशी आमच्या टेबलावरच्या एका बाई शेवटपर्यंत हात बांधून बसल्या. "अन्नाशी खेळू नये," एवढंच म्हणाल्या. अख्ख्या दिवसात विचारपूर्वक बोललेलं तेवढं एकच वाक्य मला आठवतं.

पण आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं मात्र समजू नका. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांमध्ये उखाणा हे दुसरं काय असतं? नव्या सुनेला बोलतं करायचं, तर तिला 'तुझ्याविषयी दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांग' असं कुणी म्हणत नाही. नाव घ्यायला लावतात. ती लाजते, बाकीच्या हसतात, आणि पाच मिनिटांत वाटली डाळ पुढं सरकते. मंगळागौरीच्या फुगडीत सासू आणि सून हात धरून गरगरतात, तेवढी दोन मिनिटं तरी स्वयंपाकघराची हद्द कुणाची हा प्रश्न तहकूब असतो. फरक एवढाच, की त्यानंतर कुणी सात तास तक्ते दाखवत नाही.

आणि गोविंदा घ्या. गिरगावात, दादरला, लालबागला पोरं आठवडेच्या आठवडे रात्री सराव करतात. तिसऱ्या थरावरच्याला खालच्याचा आवडता रंग ठाऊक नसतो. पण त्याचा डावा खांदा आधी थरथरतो, हे पक्कं ठाऊक असतं. डबेवाल्यांचंही तेच. १८९० च्या सुमारास सुरू झालेला हा उद्योग. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर ह्या बाजूची माणसं. त्यांना बघायला २००३ साली इंग्लंडचे युवराज चर्चगेटला आले, आणि २०१० साली हार्वर्डनं त्यांच्यावर अभ्यास छापला. त्या डबेवाल्यांनी रोज सकाळी हातगाडी ओढण्यापूर्वी गोल उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या, तर चर्चगेटचे डबे बोरिवलीलाच राहिले असते. कामानं माणसं जुळतात. जुळवण्याचं वेगळं काम काढावं लागत नाही, अशी माझी समजूत होती. अजूनही बारा आणे आहे. उरलेल्या चार आण्यांची गोष्ट सांगतो.

लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत आमची अशीच दिवसभराची मीटिंग होती. गालिचा इतका जाड, की चालणाऱ्याचं पाऊल वाजू नये. जेवणाआधी शिट्टीवाल्यानं फर्मावलं, "प्रत्येकानं स्वतःबद्दल अशी एक गोष्ट सांगा, जी इथं कुणालाच माहीत नाही. एक मिनिट!" कुणी सांगितलं मला गवार आवडत नाही, कुणी सांगितलं मी एकदा एका नटाशेजारी बसून विमानप्रवास केला. फिरत फिरत पाळी आमच्या हिशेबखात्यातल्या गृहस्थांवर आली. बावीस वर्षं नोकरी, पण मीटिंगमध्ये त्यांचा आवाज ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, "माझे वडील ह्याच जागेवर कामाला होते. इथं गिरणी होती. साचेखात्यात होते ते."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग शिट्टीवाला "वॉव!" म्हणाला, टाळ्या झाल्या, आणि पाळी पुढच्या मुलीकडे गेली. तिला एक शिंक आली की लागोपाठ सात येतात, असं तिनं सांगितलं.

जेवणाच्या वेळी मात्र गंमत झाली. एरवी जो तो आपल्या खात्याच्या टेबलाशी बसतो. त्या दिवशी ताटं घेऊन एक-एक करत आठ-दहा जण त्या गृहस्थांभोवती जमले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. ह्यांनी ते चौथीत असताना घरात बसून पाहिलं होतं. भोंगा बंद पडला तरी वडील पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसायचे. आईनं दोन खोल्यांत खानावळ घातली, आणि ज्यांना कालपर्यंत वाढलं नव्हतं त्यांच्या ताटांचा हिशेब हा मुलगा वहीत लिहू लागला. "हिशेबाची सवय तेव्हाची," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "आपण शेवयांचे मनोरे रचतो ना, तिथं साचे चालायचे. कानठळ्या बसायच्या. बोललेलं ऐकू यायचं नाही. माणसं ओठांवरून आणि खुणांनी बोलायची. पण बोलायची."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. इथं शिट्टीवाल्याला चार आणे देणं भाग आहे. त्यानं विचारलं नसतं, तर बावीस वर्षांची तेवीस झाली असती. पण एक मिनिट देऊन त्यानं दार किलकिलं केलं आणि लगेच टाळ्या वाजवून लावूनही घेतलं. ते उघडलं जेवणानं. त्या तीन-चार पोळ्यांच्या अवधीत आमच्यावर घड्याळ लावून कुणी उभं नव्हतं.

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की बर्फ आम्हा पंधरा-वीस जणांमध्ये नसतोच मुळी. आम्ही एकाच लोकलला लोंबकळतो, एकमेकांच्या डब्यातली भाजी खातो, एकमेकांच्या मुलांच्या दहावीच्या टक्क्यांवर बोलतो. बर्फ असतो तो टेबलाच्या टोकाच्या खुर्चीपासून पहिल्या दोन खुर्च्यांपर्यंत. ती टोकाची खुर्ची कधी खेळत नाही. बाकीचे कोंबड्यासारखे नाचत असताना ती फोनवर असते, किंवा कौतुकानं फोटो काढते. मग दुपारी ती विचारते, "कुणाला काही सुचवायचंय?" आणि सकाळी कोंबडा झालेल्या वीस जणांपैकी एकाच्याही तोंडून 'कुकूच' निघत नाही. फ्रीज चालू ठेवून बर्फ फोडत बसलं, तर दुसरं काय होणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. मीटिंग तासाभरात संपवावी. एवढ्या वेळात बर्फ धरत नाही. दिवसभराचीच असेल, तर खेळाचा वेळ जेवणाला जोडून द्यावा. आणि खेळायचंच असेल, तर पहिला डाव टोकाच्या खुर्चीनं खेळावा.

ही सूचना कुणी मान्य केली असं झालेलं नाही. पण त्यानंतरच्या तिमाही मीटिंगमध्ये, का कोण जाणे, शिट्टीवाला आला नव्हता. पडद्यावर आकडे सरकत होते. आणि टेबलाच्या खालच्या टोकाकडून आवाज आला, "साहेब, हा तिसरा आकडा चुकलाय." हिशेबखात्यातले गृहस्थ उभे होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याकडे बघत राहिले. आम्ही सगळे आपापल्या वहीत बघत होतो.

"खरंच की हो," साहेब म्हणाले. "बसा, बसा. अजून कुठं काही चुकलंय का?"

अजून चार ठिकाणी चुकलं होतं. ते सगळं होईपर्यंत आलेला चहा गार झाला, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.