कुठलं ठेवायचं, कुठलं उपटायचं

आमच्या घराण्यात वारसा म्हणून कुणाला काही मिळाल्याचं ऐकिवात नाही. पणजोबाला वेसकराची काठी मिळाली होती. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली, तिच्याबरोबर काठीही गेली. बरं झालं. मला मिळालंय ते आज्जीचं परसू. सांगोला तालुक्यातल्या एका गावात, बौद्धवस्तीच्या शेवटच्या घरामागं दोन गुंठ्यांचा तुकडा. आज्जी गेली आणि तिथली सगळी हिरवी गर्दी माझ्या गळ्यात पडली.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. पाळीचे आठ तास तुटलेला धागा सांधायचा. झाडांचं मला काय कळणार? धाकटा भाऊ म्हणाला, "जेसीबी आण. तासाभरात सगळं सपाट करू, फरशी टाकू." आई म्हणाली, "पानाला हात लावू नगंस. आत्याबाईंनी लावल्यालं हाय." दोघंही झाडांकडं बघत नव्हते. भावाला तिथं आपली गरिबी दिसत होती आणि आईला तिची सासू.

परंपरेनं आलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असं बुद्धानं कालामांना सांगितलं. आपण ते सभेत सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी जाऊन झोपतो. मी म्हणलं, हे परसावर करून बघू. एक वर्ष बघितल्याशिवाय काही उपटायचं नाही. मृगापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुसतं ओळखायचं.

ओळखायची रीत साधी ठेवली. नुसत्या पानावरून नाव ठरवायचं नाही. फूल येऊ द्यायचं, शेंग धरू द्यायची. फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, वर तारीख टाकायची. मग वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांना वेगवेगळं गाठून नाव विचारायचं. तिघींचं जुळलं नाही तर तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांकडं जायचं. सरांनी मला कुकसाहेबाचा ग्रंथ दाखवला. मुंबई इलाख्यातल्या झाडांचा, 1901 ते 1908 या काळात निघालेला. त्यात लॅटिन नावापाशी आपली देशी नावंही छापलीत. ही नावं साहेबाला त्याच्या आईनं शिकवली नव्हती. रानात राबणाऱ्या माणसांच्या तोंडची आहेत ती. ग्रंथावर नाव मात्र कुकचं.

काही झाडांचा निकाल लगेच लागला. गाजरगवत, ज्याला गावात काँग्रेस गवत म्हणतात, ते ओळखायला सरांची गरज नव्हती. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातनं आलं असं सांगतात. पुण्यात 1950 च्या दशकात दिसलं आणि मग देशभर पसरलं. अंगाला खाज, छातीला दमा. फुलायच्या आधी मुळासकट काढलं. एवढ्या एकासाठी वर्षभर थांबलो नाही. घोळ, पाथरी, तांदुळजा यांना भाऊ गवत म्हणत होता. आईनं त्यांची भाजी त्यालाच वाढली. त्या राहिल्या. शेवगा तर राहणारच.

पिवळी कण्हेर काढली. पोरं तिच्या बिट्ट्या खेळायला घेतात आणि आतलं बी काळीज बंद पाडतं. कुंपणावर गुंजेचा वेल होता. लाल दाणा, वर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आमच्या घरात कधी कुणी सोनं तोललं नाही. पण गुंजेचा दुसरा इतिहास आमच्या जवळचा आहे. तिचं पीठ करून सुई वळायची आणि जनावराला टोचून मारायचं, अशा नोंदी इंग्रजांच्या विषवैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. त्या गुन्ह्याशेजारी कातडं सोलणाऱ्या जातींची नावं येतात. कुणाचं ढोर मेलं की पहिला संशय आपल्या वस्तीवर. वेल दिसायला देखणा होता. पण चावलेला एक दाणाही जीव घेऊ शकतो, आणि बहिणीची पोरगी दोन वर्षांची आहे. वेल काढला, बिया वेचून जाळल्या.

तरवडावरून घरात भांडण झालं. माळावरचं झुडूप, पिवळी धमक फुलं, चपट्या शेंगा. पाऊस नसला तरी हिरवं. त्याची साल भिजवली की तुरट अंश पाण्यात उतरतो, कातडं त्या पाण्यात मुरतं आणि सडत नाही. इंग्रजीत त्याचं नावच कातडं कमावणाऱ्यांवरून पडलंय. शेजारच्या गावचे ढोर समाजाचे लोक आज्जीकडनं साल न्यायचे, असं आई सांगते. भाऊ म्हणाला, "हे पहिलं काढ. ह्याला त्या दिवसांचा वास येतोय."

त्याचं म्हणणं मला समजतं. पण मेलेलं ढोर ओढायला लावलं ती जातीची सक्ती होती. साल कधी सोलायची, किती भिजवायची, कातडं किती दिवस मुरवायचं, हे माणसांनी पिढ्यान् पिढ्या डोकं चालवून शोधलेलं ज्ञान होतं. कारखान्यात तेच काम केलं तर रसायनशास्त्र म्हणतात आणि पगार देतात. सक्ती आपण टाकली, टाकायलाच पाहिजे होती. तिच्याबरोबर डोकं का टाकायचं? तरवड ठेवला.

शाखेतला एक मित्र घरी आला. मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं एक रोप बघून भडकला. "बाबासाहेबांची लेकरं आपण, आणि दारात तुळस?"

"दारात न्हाई, परसात," आई म्हणाली.

मी त्याला पान चुरगाळून दिलं. पान गुळगुळीत, वास गोडसर, तुरा पांढरा. बी पाण्यात टाकून दाखवलं. घटकेत फुगलं, भोवती पांढरा बुळबुळीत थर आला. तो सब्जा होता. उन्हाळ्यात सरबतात घालतात तो, दर्ग्यात आणि कबरीवर वाहतात तो. मित्र हसला, पण मी विषय सोडला नाही. समजा तुळस असती, तर? तरी मी उपटली नसती. खोकल्याला काढा केला असता, प्रदक्षिणा घातली नसती. 22 प्रतिज्ञा देवाधर्माबद्दल आहेत, पानाबद्दल नाहीत. कुणी झाडाभोवती वृंदावन बांधलं म्हणून झाड त्यांच्या मालकीचं होत नाही.

उलट बाजूनंही हेच. परसाच्या भिंतीतल्या भेगेत पिंपळ उगवला होता. सगळी वस्ती म्हणाली, बोधिवृक्ष आहे, हात लावू नको. मी भर पावसाळ्यात भेग फोडून तो मुळासकट काढला आणि विहारामागं मोकळ्या जागेत लावला. तिथं तो जगला. भिंतीत ठेवला असता तर भिंत गेली असती आणि आम्ही उघड्यावर आलो असतो.

सगळ्यात जास्त मी एका कापशीपाशी थांबलो. गिरणीकामगाराच्या घरामागं कापूस, आणि मला ठाऊक नाही! पान खोल चिरलेलं, बोटांसारखं. वर्षानुवर्षं टिकणारं झाड. सर म्हणाले, हा देशी कापूस, गावाकडं देवकापूस म्हणतात. शेतात दिसतो तो बीटी अमेरिकन जातीचा, त्याला 2002 मध्ये परवानगी मिळाली. त्याचं संकरित बी दरसाल दुकानातनं आणावं लागतं. आज्जीच्या झाडाचं बी मडक्यात राखलं की झालं. तंतू आखूड, आमच्या रिंगफ्रेमवर तो चालायचा नाही. पण वातीला चांगला.

आणि वातीसाठीच तो जायचा. श्रावण लागला की गावातल्या वाड्यांवरनं निरोप येई. आज्जी कापूस घेऊन जाई आणि शिवाशिव नको म्हणून वरनं सोडी. तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, कापूस चालत होता. देवाच्या समईत जळणारी वात महारणीच्या परसातली होती, हे समईनं कधी कुणाला सांगितलं नाही.

कापशी ठेवली. आता तिचा कापूस वाड्यावर जात नाही. बहिणीच्या पोरीच्या उशीत भरलाय.

दोस्तांनो, तुमच्याही घरामागं असं काहीतरी उभं असेल. लाज वाटते म्हणून तोडू नका आणि आज्जीचं म्हणून पूजू नका. आधी नाव विचारा, आणि लवकर विचारा. ज्या तीन म्हाताऱ्यांना मी विचारलं, त्यातली एक या उन्हाळ्यात गेली. तिनं सांगितलेली एकवीस नावं माझ्या वहीत आहेत.

कापशीचं बी मी राखून ठेवलंय. मृगाच्या आधी ज्याला पाहिजे त्यानं येऊन घेऊन जावं.

जयभीम.